ओढ्यावरची शिवी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या माझ्या दादाला तर नाहीच नाही. तुम्ही माझे कोण लागता? कुणी नाही — म्हणूनच कदाचित जमेल. ओळखीच्या माणसापुढं माझी जीभ टाळ्याला चिकटते. आणि जिथं गप्प बसायचं तिथं नेमकी सुटते. एकदा अशीच सुटली, त्याची ही हकीकत.

मी सरळ मुद्द्यावर येणार नाही, आधीच सांगून ठेवतो. जन्मभर जे टाळलं ते एका दमात कसं निघेल? थोडं सांभाळून घ्या. नाही घेतलंत तरी चालेल.

लढाईचे दिवस होते. मी सांगलीत एका हायस्कुलात मास्तर होतो आणि फावल्या वेळात रहस्यकथा लिहायचो. हसलात ना? हसा. त्या वेळीही लोक हसायचे आणि मग अंक चोरून वाचायचे. सांगलीतून एक घरगुती मासिक निघायचं. पुढच्या पानांत लोणची, पापड, बाळगुटी, सोमवारच्या कहाण्या — आणि शेवटच्या पानांत माझा खून. कागद मिळेनासा झाला, अंक आखडत आखडत अगदी पंचांगाएवढा झाला, पण संपादकांनी माझ्या पानांना हात लावला नाही. म्हणायचे, "मास्तर, बायका अंक मागून उघडतात हो!"

माझ्या गोष्टीत रक्ताचा थेंब दिसायचा नाही. खून व्हायचा, पण शेजारच्या खोलीत. श्रीखंडात विष पडायचं, विहिरीत सासरा पडायचा, फौजदार डोकं खाजवत बसायचा. मग आमची सरूमावशी हातातलं सूप खाली ठेवायची आणि घरातल्या घरात खुनी शोधून काढायची. चहा थंड व्हायच्या आत. सगळ्या सांगलीला सरूमावशीचं कौतुक. बाजारात लोक मला थांबवून विचारायचे, "मास्तर, ही बाई तुम्हाला सुचली कशी?"

सुचली! मला काय डोंबल सुचणार? ती माझी वैनी होती.

वैनी म्हणजे दादाची बायको. आमचं गाव कोरेगावच्या अंगाचं. आई गेली तेव्हा मी शेंबडं पोर होतो, आणि वैनी नवी नवरी. घरात पाऊल टाकल्या टाकल्या तिनं माझं नाक आपल्या कोऱ्या लुगड्याच्या पदरानं पुसलं म्हणतात. तिला स्वतःला मूलबाळ झालं नाही. जे काय आईपण होतं ते माझ्यावरच खर्ची पडलं. आणि एवढं करून मला हाक मारायची ती "भावजी", "आवं मास्तर" अशी — मानानं, पण डोळ्यांत चेष्टा.

दादा फौजेत. लढाई लागली तशी त्याची पलटण समुद्रापार गेली. जाताना स्टेशनावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "गड्या, हिला तुज्याजवळ ठिव. चुलत्याच्या घरात हिला मूल न्हाई म्हून उठता-बसता टोचत्यात. मी येईस्तवर तेवढं बघ." मी म्हणालो, बघतो. एवढंच काम दादानं मला आयुष्यात सांगितलं. दुसरं कधी काही सांगितलं नाही.

म्हणून वैनी सांगलीला आली. माझं लग्न अजून व्हायचं होतं. दोन खोल्या, मागं हातभर परस. रविवारी दुपारी ती तांदूळ निवडायला बसायची आणि मी तिला नवी गोष्ट वाचून दाखवायचो. अक्षरओळख नव्हती तिला, पण ऐकायची अशी, की मलाच घाम फुटावा. "आवं, त्यो मानूस भाईर गेलता म्हंता, मग त्येचं पायतान आत कसं?" असं विचारून माझी गोष्ट मोडायची, आणि मग स्वतःच सांधून द्यायची. मोडण्या-सांधण्याचं मला वाईट वाटायचं नाही. पण तिची एक तक्रार होती, ती मात्र माझ्या वर्मी लागायची.

"भावजी, तुमची मावशी खुन्याला धरती आनि काय म्हंती? 'अरे दुष्टा!' दुष्टा कोन म्हंतंय वो? नाटकातला राजा?"

"मग काय म्हणायला हवं?"

"म्हनायचं न्हाई. वरडायचं. पोटच्या पोरीला इख घातलंय त्यानं!"

बरोबर होतं तिचं. मला ते कळत होतं, म्हणून तर झोंबायचं. माझ्या गोष्टीत माणसं मरत होती आणि उरलेली माणसं पाठ्यपुस्तकासारखी बोलत होती.

आता वैनीच्या माहेराचं सांगायला पाहिजे. ते नाही सांगितलं तर पुढचं कळणार नाही. तिचं माहेर खंडाळ्याच्या बाजूला. तिथं दोन गावं आहेत, मधे ओढा. नागपंचमीला लेकी माहेरी येतात, आणि पंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका नटूनथटून ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि एकमेकींना शिव्या देतात. त्याला बार म्हणतात. थट्टा नाही — पूर्वापार चालत आलंय. ढोल वाजतो, हलगी वाजते, शिंगं फुंकतात, गडीमाणसं मधे उभी राहून बायकांना पाण्यापलीकडं जाऊ देत नाहीत. पदर खोचून, हात नाचवून, एकीनं दिली की दुसरीनं परत करायची. राग कुणाचा कुणावर नाही. बार झाला नाही तर पाऊस दडी मारतो म्हणतात. आणि संपला की त्याच ओढ्यात तोंड धुऊन, हसत हसत घरी.

त्या काठावर माझ्या वैनीची बरोबरी करणारी दुसरी नव्हती. बार तिच्या तोंडून सुरू व्हायचा. दरसाल. पलीकडं चंद्राक्का नावाची एक धिप्पाड बाई होती, ती म्हणे आल्या आल्या पहिलं विचारायची, "आली का ती कोरेगावकरीन?" वैनी हे सांगताना लाजायची, आणि तिचा चेहरा असा फुलायचा की काय सांगू. मूल नाही, दागिना नाही, नवरा लढाईवर — पण वर्षातून एक दिवस सगळं गाव तिच्या तोंडाकडं बघत उभं राहायचं.

मी मागं लागलो. वैनी, मला एक शिवी सांग. खरी. बारातली.

"खुळं का काय? ती ओढ्यावरची हाय. घरात काढायची न्हाई."

खरंच, घरात तिनं कधी शिवी दिली नाही. दूधवाल्याला नाही, मांजराला नाही, मला तर कधीच नाही. हे नीट ध्यानात ठेवा — पुढं लागणार आहे.

मी महिनाभर भुणभुण लावली. शेवटी म्हणालो, लिहीत नाही गं, नुसती ऐकायचीय, कान तयार व्हायला. माझा चेहरा बघून तिला दया आली असणार. ती परसात गेली, माझ्याकडं पाठ केली, शेजारच्या भिंतीकडं तोंड करून उभी राहिली, आणि एका दमात —

ती मी इथं लिहिणार नाही. एकदा लिहिली तेवढं पुरे. पण काय होती सांगू? त्या माणसाची मिशी, त्याची म्हैस, त्याचा आजा, त्याच्या घरचं जातं, सगळं एकात एक गुंफलेलं, आणि शेवटी असा झटका की मी धुण्याच्या दगडावर बसून पोट धरून हसलो. घाण होती. होतीच. पण तिच्यात विष नव्हतं. वैनी वळली, तांब्यातलं पाणी घेऊन चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "लिवू नगा हां, भावजी."

"छे गं!" मी म्हणालो.

त्याच आठवड्यात लिहिली. शब्दाला शब्द. सरूमावशीनं भाचीला विष घालणाऱ्या तिच्या नवऱ्याला मळ्यात गाठला आणि ती सबंध शिवी त्याच्या तोंडावर हाणली. लिहिताना मला आनंद आवरत नव्हता हो. आयुष्यात पहिल्यांदा माझं माणूस जिवंत बोललं होतं. वैनीला ती गोष्ट मी वाचून दाखवली नाही. त्या रविवारी डोकं दुखतंय म्हणून पडून राहिलो. संपादकांनी न वाचताच छापायला टाकली. म्हणायचे, तुमचं काय वाचायचं मास्तर, तुमचं म्हणजे तुळशीचं पान.

मग जो शिमगा झाला! आमच्या शाळेच्या समितीचे अध्यक्ष म्हणजे मोठे वकील. त्यांच्या घरी दुपारी सूनबाई अंक मोठ्यानं वाचत होत्या, सासूबाई वाती वळत होत्या, आणि खुद्द वकीलसाहेब झोपाळ्यावर. सूनबाई रंगात येऊन वाचत गेल्या, आणि काय वाचलं हे कळेपर्यंत निम्मी शिवी सासऱ्याच्या कानांवर पडून गेली. आता हसू येतंय मला. तेव्हा नाही आलं. संपादकांकडं तक्रारींचा ढीग. "आमच्या मुलीबाळी वाचतात", "उंबऱ्याच्या आत हे नको". मला एक सांगा — त्याच लोकांनी तीन वर्षं माझ्या हातचं विष चवीनं खाल्लं होतं ना? सासरे बुडवले, नणंदा जाळल्या, कुणी हूं की चूं केलं नाही. विष चालतं. शिवी चालत नाही. हे तेव्हा त्यांना तोंडावर सांगायला हवं होतं. मी सांगितलं का?

बघा, पुन्हा मी दुसरीकडंच निघालो. लोकांना नावं ठेवायला लागलो की माझं बरं चालतं.

वकीलसाहेब घरी आले. एका सकाळी, बरोबर आमचे हेडमास्तर. मी त्यांना खाटेवर बसवलं, स्वतः उभा राहिलो. वैनी आत चहा ठेवत होती. वकीलसाहेबांनी अंक उघडून माझ्यापुढं धरला आणि अगदी शांतपणे विचारलं, "मास्तर, ही भाषा तुमची?"

काय अवघड होतं? "हो, माझी" म्हणायचं. दोन शब्द. फार तर नोकरी गेली असती. बहुतेक तीही गेली नसती, कानउघाडणी करून चहा पिऊन गेले असते. मी ते म्हणून बघितलंय, मनात, कितीतरी वेळा. पण त्या वेळी माझी जीभ सुटली.

मी म्हणालो, "माझी कशी असेल साहेब? घरात भावजय आहे. अडाणी. दिवसभर तोंडात हेच. उठता शिवी, बसता शिवी. ऐकून ऐकून कान बिघडले, त्यातली एक लेखणीतून उतरली. मी तरी काय करू? भाऊ लढाईवर, तिला टाकू कुठं?"

असं म्हणालो. दादाचं नावसुद्धा घातलं मधे, दया यावी म्हणून.

दाराच्या आडून बांगड्या वाजल्या. चहा झाला होता. परक्या पुरुषांपुढं ती यायची नाही, उंबऱ्यावर थाळी ठेवून बांगड्या वाजवायची, मी उचलून आणायचो. मी गेलो. ती तिथंच उभी होती, दाराला टेकून. किती वेळची? सगळ्या वेळची. मी खाली बघितलं आणि थाळी उचलली.

वकीलसाहेब दाराकडं बघत म्हणाले, "बाई, मास्तर म्हणतात ते खरं का?"

मला वाटलं, आता ही बोलणार. ओढ्याचा ओढा दणाणून सोडणारी बाई — हिनं एक शब्द टाकला तरी माझी धूळधाण. आणि तुम्हाला खरं सांगतो, तिनं तो टाकावा अशी माझी इच्छा नव्हती. जराही नव्हती. मनातल्या मनात मी तिच्या पाया पडत होतो की गप्प राहा.

आतून आवाज आला. बारीक. "व्हय जी. माजंच त्वांड वंगाळ हाय. मास्तरांचा काय दोष न्हाई."

ते दोघं चहा प्यायले. उठताना वकीलसाहेब समजुतीनं म्हणाले की शिकवणीला पोरं येतात तुमच्या घरी, मास्तर, अशी बाई घरात नसलेली बरी. मी म्हणालो, हो साहेब.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर चोरानंच दोर आणून दिला होता.

मी तिची माफी मागितली का? नाही. ती परत चुलीपुढं बसली होती. मी म्हणालो, "थोडे दिवस गावाकडं जाऊन ये, वैनी." ती म्हणाली, "जाती की." मग मेतकूट कुठल्या डब्यात आहे, लोणच्याला ओला चमचा घालायचा नाही, गवळी पाणी घालतो त्याच्यावर नजर ठेवायची, हे सगळं तिनं मला सांगितलं. मिरजेहून कोरेगावच्या गाडीत बसवलं तिला मी. गाडी हलताना खिडकीतून म्हणाली, "जिवाला लावून घिऊ नगा."

मग संपादकांनी दिलगिरी छापली. मीच लिहून दिली ती — "घरातील अशिक्षित व्यक्तीच्या सहवासाने" वगैरे. छापील! ते वाचून गावचा कुणीतरी शहाणा अंक घेऊन कोरेगावच्या बाजारात गेला असणार. चुलत्याच्या घरी आधी ती वांझ होती, आता तोंडाळही झाली. मास्तरनं हाकललेली. ज्या घरापासून तिला राखायला दादानं माझ्याकडं ठेवली होती, त्याच घरात मी तिला तोंड काळं करून परत पाठवली. एकदा सुट्टीत गेलो तर चुलती तिला माझ्यादेखत म्हणाली, "बघ गं, सांडंल काय तरी तोंडातनं." वैनीनं मान खाली घालून भाकरी थापली. मी दोन भाकरी खाल्ल्या आणि उठलो.

सरूमावशी पुढं वर्षभर चालली. पुन्हा "अरे दुष्टा!" म्हणायला लागली. वकीलसाहेबांच्या सूनबाईंना फार आवडायची. मग मीच बंद केली. सांधून देणारं कुणी नव्हतं, हेही खरं आणि लाज वाटत होती, हेही खरं. त्यातलं किती कशामुळं, ते मला विचारू नका.

लढाई संपली. दादा परत आला, एक कान बहिरा घेऊन, पण आला. वैनीला घेऊन वेगळं बिऱ्हाड थाटलं त्यानं गावातच. मी भीत होतो — ही सांगणार. तिनं सांगितलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतर कधीच नाही. दोघंही आता नाहीत. आधी वैनी गेली, मग दादा. दादा जायच्या आधी आठ दिवस मी त्याच्या उशाशी होतो. बोलायला वेळ पुष्कळ होता.

आता एवढंच राहिलं. ज्या वर्षी दादा परत आला, त्या वर्षीच्या पंचमीला तो हौसेनं वैनीला घेऊन तिच्या माहेरी निघाला. मलाही ओढलं. म्हणाला, "चल गड्या, तिकडं खंदकात पडून ह्योच ढोल ऐकायचो मी. ह्या बाईचा बार याकदा तरी डोळ्यांनी बघायचा."

काठ माणसांनी फुललेला. ढोल, शिंगं, हलगी. वैनीला बायकांनी पुढं ढकलली, नेहमीच्या जागी. दादानं तिला नवं इरकली लुगडं आणलं होतं, ते नेसली होती. पलीकडून चंद्राक्कानं हाळी दिली, "आली का गं कोरेगावकरीन?" आणि पदर खोचून पहिली शिवी सोडली. सगळे हसले. सगळ्यांनी वैनीकडं बघितलं.

वैनी उभी राहिली. पदर घेतला आणि तोंडावर धरला.

चंद्राक्कानं दुसरी दिली. तिसरी दिली, पहिल्या दोहोंपेक्षा तिखट. वैनी तशीच. अलीकडच्या बायका तिला कोपरानं ढोसायला लागल्या, अगं दे की, दे की. ती मान हलवत होती, आणि तोंडावरचा हात काही केल्या काढत नव्हती. हलगीवाला थबकला. मग ढोल थांबला.

आणि पाण्यापलीकडून त्या धिप्पाड बाईनं — ज्या काठावरून त्या दिवशी कुणी कधी बरा शब्द बोलत नाही, त्या काठावरून — हात खाली सोडले आणि साध्या, घरच्या आवाजात विचारलं, "अगं बया, बरी हाईस न्हवं तू?"

वैनीनं मान हलवली, आणि बायकांतून वाट काढत मागं निघून गेली.

दादा माझ्याकडं वळला. चांगला कान माझ्या तोंडाजवळ आणून त्यानं विचारलं, "हिला काय झालं रं?"

मी म्हणालो, "दमली असंल."